मोठी नववीत, धाकटा दुसरीत आणि बदली गुवाहाटीला: कुटुंब न्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचे एक गृहस्थ सरकारी बँकेत अधिकारी आहेत. बढती मिळाली आणि मेअखेर गुवाहाटीला हजर व्हायचं आहे. मुलगी सेमी-इंग्रजीतून आठवी झाली, आता नववीत जाईल. मुलगा दुसरीत जाईल. पत्नी निफाड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत आणि घरी ७४ वर्षांची आई आहे. ते विचारतात, "सगळ्यांनी मिळून जावं, मी एकट्यानं जावं, की बढतीच नाकारावी? पत्नी म्हणते, तुम्ही ठरवा. मुलांना अजून काही सांगितलेलं नाही."

मी पुण्यात शाळेत समुपदेशक म्हणून २३ वर्षं काम केलं. सैन्य, बँक, रेल्वे, आयुर्विमा अशा बदलीच्या नोकऱ्यांतली मुलं दर जूनमध्ये नवीन यायची आणि दर एप्रिलमध्ये काही दाखला घेऊन जायची. त्यांच्या आईवडिलांशी झालेल्या बोलण्यातून जे शिकले, त्याच्या आधारावर लिहिते आहे.

माझं मत आधी सांगते. तुम्ही बढती घ्या, एकटे जा, दोन वर्षांची मुदत धरून जा. मुलीची दहावी नाशिकलाच होऊ द्या. पण हे मत तुमच्या घरापुरतं आहे. मुलगी पाचवीत असती आणि तुमच्या पत्नींची नोकरी नसती, तर मी डोळे झाकून "सगळे जा" म्हणाले असते. मुलांनी देशाचं दुसरं टोक लहानपणी पाहावं, वेगळी भाषा कानावर पडावी, ब्रह्मपुत्रा किती रुंद असते ते पुलावर उभं राहून कळावं, याची किंमत फार मोठी आहे. त्यामुळे "मुलांचे हाल होतील" म्हणून थांबा असं मी सांगत नाही. लहान मुलं पटकन रुळतात. तुमची अडचण धाकट्याची नाही, मोठीची आहे, आणि त्याहून जास्त तुमच्या पत्नींची आहे.

आधी मोठीबद्दल. गुवाहाटीत ती बहुधा सीबीएसईच्या, म्हणजे केंद्रीय मंडळाच्या शाळेत जाईल. सीबीएसईत नववी-दहावी हा दोन वर्षांचा एकत्र अभ्यासक्रम मानतात. थेट दहावीत प्रवेश सहसा मिळत नाही. पालकांची बदली अशा ठरावीक कारणांसाठी मिळतो, तोही मंडळाची परवानगी घेऊन. म्हणजे आता नववीत नेलीत तर ती दहावी तिथंच करणार हे धरून चाला. "एक वर्ष बघू, नाही जमलं तर परत आणू" हा पर्याय कागदावर असला तरी त्या मुलीनं तो जगायचा म्हणजे नववी एका मंडळाची, दहावी दुसऱ्याची, आणि मध्ये सुटलेले धडे तिचे तिनं भरून काढायचे. हे करणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. हुशार मुलीही त्या वर्षी गप्प होतात.

शिवाय वेळ पाहा. तुम्ही मेअखेर हजर होणार. नाशिकची शाळा जूनमध्ये उघडते, पण सीबीएसईच्या शाळांत नववी एप्रिलमध्येच सुरू झालेली असते. ती वर्गात शिरेल तेव्हा बाकं भरलेली, मैत्रिणींच्या जोड्या ठरलेल्या. गणित-विज्ञान सेमीमुळे इंग्रजीतून झालेलं आहे, त्याची मला काळजी वाटत नाही. अडकते ती सामाजिक शास्त्रांत, म्हणजे इतिहास-भूगोलात. काही वर्षांपूर्वी साताऱ्याहून दिल्लीला गेलेली एक मुलगी सुट्टीत मला भेटायला आली होती. नववीच्या इतिहासाच्या पुस्तकात पहिलाच धडा फ्रेंच राज्यक्रांतीचा. तिनं पानाच्या कडेला पेन्सिलीनं प्रत्येक अवघड शब्दाचा मराठी अर्थ लिहिला होता: सरंजामदार, धर्मगुरू, कर, उठाव. पहिल्या चार पानांत शब्दच शब्द. पाचव्या पानापासून कडा कोऱ्या. मी विचारलं, "पुढे समजायला लागलं का गं?" म्हणाली, "नाही बाई, पुढे पाठ करायला लागले." ती पुढे पास झाली, चांगली झाली, पण इतिहास हा तिचा आवडता विषय होता आणि तो तिथं संपला.

आता ज्या गोष्टीकडे पालकांचं सर्वांत कमी लक्ष जातं ती. पुढे मेडिकल-इंजिनिअरिंगच्या प्रवेशात राज्याच्या कोट्याचं काय? महाराष्ट्रात एमबीबीएसच्या ८५ टक्के राज्य कोट्यातून प्रवेश हवा तर अधिवास प्रमाणपत्राबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी, हा मूळ नियम आहे. बदलीच्या नोकरीतल्या पालकांसाठी काही अपवाद आहेत, पण नोकरी कोणाची, बदली कुठून कुठे, कोणती परीक्षा कुठून, अशा त्यांच्या अटी बारीक आहेत. इंजिनिअरिंगला नियम सैल आहे, तिथं आई किंवा वडील महाराष्ट्राचे अधिवासी असले तरी मुलगी राज्याच्या जागांसाठी पात्र ठरू शकते. उलट बाजूनं, तिकडच्या राज्याचा कोटा तिला दोन वर्षांत मिळेल असं समजू नका. उदाहरणार्थ, कर्नाटकात सात वर्षं शिक्षण तिथं झालेलं लागतं, तेलंगणात चार. तऱ्हा वेगळी, पण अर्थ एकच: चुकीच्या इयत्तेत राज्य बदललं तर मूल दोन्ही घरचं पाहुणं होतं. म्हणून मुलीला डॉक्टर व्हायचं आहे का, हा प्रश्न तिला विचारायला हवा. उत्तर "हो" असेल तर राज्याच्या सीईटी सेलची, म्हणजे हे प्रवेश हाताळणाऱ्या कार्यालयाची, ताजी माहितीपुस्तिका डाउनलोड करून पात्रतेचं प्रकरण तुम्ही दोघांनी शब्दन्शब्द वाचा. क्लासवाल्याच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. या एका गोष्टीत मी घरंच्या घरं पस्तावलेली पाहिली आहेत.

धाकट्याबद्दल मला फारशी चिंता नाही. नेलात तरी दोन महिन्यांत हिंदी बोलेल, सहा महिन्यांत असमिया शब्द घरी आणेल. त्याच्या बाबतीत धोका वेगळा आहे, त्याचं मराठी लिहिणं. दुसरी म्हणजे जोडाक्षरं नुकती बसायला लागण्याचं वय. देवनागरी हिंदीमुळे टिकते म्हणून आपण निश्चिंत राहतो, आणि एक दिवस मूल आजीला पत्र लिहितं त्यात "शाला", "बाल", "फला" असं येतं. हिंदीत ळ नाही, तो हातातून सगळ्यात आधी जातो. २०२० च्या कायद्यानं महाराष्ट्रात सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे, त्यामुळे चौथी-पाचवीत परत आणाल तेव्हा ते अंतर त्याला भरून काढावं लागेल. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात. तुम्ही कुठलाही निर्णय घ्या, दुसरी-तिसरीचं मराठीचं पुस्तक छापून घ्या.

आता तुमच्या पत्नींविषयी, आणि इथं मला थोडं स्पष्ट बोलायचं आहे. "तुम्ही ठरवा" असं त्या म्हणाल्या, याचा अर्थ त्यांना मत नाही असा घेऊ नका. माझ्यासमोर बसलेल्या शंभरातल्या बहुतेक बायकांनी हे वाक्य उच्चारलं आहे, आणि नवरा बाहेर गेल्यावर वेगळं बोलल्या आहेत. जिल्हा परिषदेची नोकरी राज्याबाहेर बदलून मिळत नाही. राजीनामा दिला तर परत येताना शिक्षकभरतीची अभियोग्यता चाचणी आणि ‘पवित्र’ या भरती पोर्टलची रांग, तीही वयाची मर्यादा ओलांडली नसेल तर. सेवाज्येष्ठता गेली ती गेलीच. असाधारण रजा बिनपगारी मिळू शकते, पण ती मंजूर करणाऱ्याच्या मर्जीवर आहे आणि दोन-दोन वर्षांची गृहीत धरू नका. जी आहे ती बालसंगोपन रजा: संपूर्ण सेवेत १८० दिवस, वर्षात जास्तीत जास्त दोन महिने. ही रजा मला तुमच्या घरात फार मोलाची वाटते. ती आत्ता सामान लावायला खर्च करू नका. मुलीच्या दहावीच्या जानेवारी-फेब्रुवारीसाठी राखून ठेवा. तुम्ही तिकडे असाल, आई थकत चाललेल्या असतील, तेव्हा घरात एक माणूस पूर्ण वेळ असणं त्या मुलीला लागेल.

पैशाचा हिशेब तुम्ही बँकेतले आहात, मी काय शिकवणार. फक्त एक करा. एका बाजूला "सगळे गेलो तर" मांडताना पत्नींचा पगार तेवढ्या महिन्यांचा मांडून थांबू नका, निवृत्तीपर्यंतचा मांडा. आणि तुमच्या बँकेचं बदलीचं परिपत्रक काढा. ईशान्येतल्या पोस्टिंगला काही बँका कुटुंबाला जुन्या ठिकाणी घर ठेवायची सवलत, ठरावीक मुदतीनंतर परतीच्या पसंतीला प्राधान्य, जास्तीचा प्रवासखर्च असं काही ना काही देतात. सहकाऱ्यानं सांगितलेलं धरू नका, परिपत्रकाचा क्रमांक हातात हवा. मुदत तिथं लेखी दिसली तर माझा सल्ला भक्कम होतो. मुदतीचा उल्लेखच नसेल आणि आधी गेलेले लोक चार-पाच वर्षं अडकलेले दिसत असतील, तर मात्र मी वेगळं सांगेन: मुलगी दहावी होईपर्यंत एकटे राहा आणि अकरावीच्या वेळी सगळ्यांनी मिळून पुन्हा बसा. बढती नाकारायचा विचार त्यानंतरचा. नाकारल्यावर पुढची किती वर्षं प्रक्रियेत बसता येत नाही तेही बढती धोरणात लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. आणि माझा अनुभव असा की मुलांसाठी म्हणून बढती सोडलेला बाप दहा वर्षांनी ते मुलांना ऐकवतो. तुम्ही ऐकवणार नाही अशी खात्री असेल तरच सोडा.

तुमच्या आईंना गुवाहाटीला नेणं मला पटत नाही. तिथं त्यांना दुपारी बोलायला कोणी नसेल. नाशिकमधलं त्यांचं देऊळ, भाजीवाली, शेजारीण, रक्तदाबाच्या गोळ्या ओळखीच्या दुकानातून आणून देणारा मुलगा, ह्या सगळ्यांनी मिळून त्या टिकून आहेत.

आता एकट्यानं जाण्याची दुसरी बाजू, कारण ती सोपी आहे असं मी म्हणत नाही. नाशिक ते गुवाहाटी रेल्वेनं दोन दिवसांहून जास्त लागतात, विमानानं मध्ये बदलून पूर्ण दिवस. शनिवार-रविवारी येणं होत नाही. अशा घरांत बापाचा फोन हळूहळू एकाच वाक्यावर येतो, "अभ्यास केला का?" मूल "हो" म्हणतं, फोन आईकडे जातो. असं वर्षभर चाललं की सात वर्षांचं मूल बापाला घरातल्या गोष्टी सांगणं सोडून देतं, कारण सांगण्यासारखं काही विचारलंच जात नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाच्या वडिलांनी यावर सुंदर तोड काढली होती. ते आसाममध्येच होते. डिसेंबरात संध्याकाळी पाचला व्हिडिओ कॉल करायचे. त्यांच्या खिडकीत काळोख, दिवे लागलेले; इकडे पोराच्या गॅलरीत ऊन. "बाबा, तुमच्याकडे रात्र कशी झाली?" यातून दोघांनी वही घातली. रोज सूर्य कधी मावळला ते दोन्ही गावांचं लिहायचं. नाशिक आणि गुवाहाटीत नुसत्या रेखावृत्तांमुळेच सव्वा तासाच्या आसपास फरक पडतो, हिवाळ्यात आणखी थोडा. जूनमध्ये तिकडे पहाटे साडेचारच्या सुमाराला सूर्य वर असतो, तेव्हा बाप उठून फोटो पाठवायचा आणि पोरगा सातला उठून बघायचा. ती वही त्यानं मला आणून दाखवली, मागच्या पानांवर खाडाखोड आणि चहाचा गोल डाग. तुम्ही हेच करा असं नाही. पण तुमचं आणि मुलाचं रोजचं एक काम असू द्या, ज्यात अभ्यासाची चौकशी नाही.

मुलीसाठी वेगळं. चौदा वर्षांच्या मुलीला रोज फोन नको असतो. तिला महत्त्वाच्या वेळी माणूस हवा असतो. शाळेतल्या पालकसभेला, तिच्या स्पर्धेला, निकालाच्या दिवशी. दोन वर्षांतले असे पाच-सहा दिवस आत्ताच तिच्याकडून विचारून घ्या, रजा त्यांच्याभोवती लावा. दिवाळीला तुम्ही या. मे महिन्यात ते सगळे तुमच्याकडे येऊ देत, पत्नींनाही तेव्हा सुट्टी असते. पाऊस तिकडे तेव्हाच सुरू झालेला असतो, छत्र्या घेऊन या म्हणावं. मुलांना बापाचं ऑफिस, खोली, जेवणाची जागा डोळ्यांनी दिसली की "बाबा कुठेतरी लांब असतात" हे मनातून जातं.

हे सगळं वाचूनही तुम्ही दोघांनी मिळून "नाही, सगळे जाणार" असं ठरवलंत, तर ते चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. मग कागद नीट करा. शाळा सोडल्याचा दाखला राज्याबाहेर नेताना त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्या. मेच्या सुट्टीत कार्यालयात माणूस मिळत नाही, एप्रिलमध्येच उरका. शाळेला सांगून युडायस पोर्टलवर (विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत) दोन्ही मुलांची नावं ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत, टाकून घ्या, नाहीतर नवी शाळा त्यांना ओढून घेऊ शकत नाही. आणि नाव तपासा. आपल्याकडे हजेरीत आडनाव आधी लिहितात. सीबीएसईची नोंदणी नववीत होते आणि तिथं जे लिहिलं जातं तेच दहावीच्या प्रमाणपत्रावर येतं. आडनाव हेच मुलीचं नाव म्हणून नोंदलं गेलं, पुढे ते दुरुस्त करायला घरच्यांना दीड वर्ष लागलं, असं मी पाहिलं आहे. आधार, जन्मदाखला आणि शाळेचा दाखला तिन्हींवरचं इंग्रजी स्पेलिंग एक आहे का ते आज रात्रीच बघा.

केंद्रीय विद्यालयांचा पर्याय जरूर पाहा. १९६३ पासून त्या शाळा प्रामुख्यानं बदलीवाल्या मुलांसाठी चालतात. गुवाहाटीत मालीगाव, खानापाडा, नारंगी अशी बरीच आहेत. धाकट्याला जागा रिकामी असेल तर पालकांच्या नोकरीच्या प्रवर्गानुसार मिळू शकेल. नववीत बाहेरून येणाऱ्याला मात्र प्रवेश परीक्षा असते, तेव्हा "केव्हीत होऊन जाईल" असं धरून नाशिकचा दाखला काढू नका. धाकट्याच्या बाबतीत हेही माहीत असू द्या की दाखला यायला उशीर झाला या कारणावरून प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये ते स्पष्ट लिहिलं आहे. ते कलम केंद्रीय विद्यालयं सोडून इतर सरकारी आणि अनुदानित शाळांच्या बाबतीत कामाला येतं.

शेवटचं, "मुलांना अजून सांगितलेलं नाही" याबद्दल. माझे वडील रेल्वेत होते. मी सहावीत असताना भुसावळहून खडगपूरला बदली झाली. घरात कुजबुज चालायची आणि मी आत गेले की थांबायची. एका रविवारी अंगणात गेले तर लोखंडी ट्रंक उन्हात ठेवलेली, काळा रंग ओला, आणि पेंटर पांढऱ्या रंगानं वडिलांच्या नावाखाली अक्षरं काढत होता. "खड" एवढं झालं होतं. मी तिथं उभी राहून उरलेली अक्षरं वाचली, एकेक करून. खडगपूर पुढे मला आवडलं, बंगाली मैत्रिणी मिळाल्या, एक आजही फोन करते. पण माझ्या आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट मला पेंटरकडून कळली, हे मी आईला पन्नाशी उलटल्यावर सांगू शकले. तुमच्या मुलीनं आतापर्यंत अर्धं ऐकलेलं आहे, हे मी खात्रीनं सांगते. नवरा-बायकोचं आधी एकमेकांत ठरवा, पत्नींना "तुझं मत काय" असं विचारून उत्तर येईपर्यंत गप्प बसा. मग या रविवारी दोन्ही मुलांना एकत्र बसवून सांगा. निर्णय झाला असेल तर "तुम्हाला काय वाटतं" असं लोकशाहीचं नाटक करू नका, मुलांना ते लगेच कळतं. निर्णय आमचा आहे, असा का घेतला ते हे, आणि तुमच्या हातात काय आहे ते हे: बाबा कोणत्या दिवशी हवेत, मेमध्ये तिकडे काय बघायचं, बाबांच्या टेबलाच्या खणात काय राहू द्यायचं. मुलगी रडली तर रडू द्या, समजूत घालायची घाई करू नका.

आणि डॉक्टरकीचा प्रश्न तिला त्याच दिवशी विचारू नका, दोन-तीन दिवस जाऊ द्या. तिचं उत्तर आणि परिपत्रकातली मुदत, या दोन गोष्टी हातात आल्या की मला परत लिहा. त्यातली एक जरी मी धरली त्यापेक्षा वेगळी निघाली, तरी आपण हे नव्यानं मांडू.